दोंगएचा सरस

जनावराचं कातडं तासन्‌तास उकळलं की जो चिकट रस उतरतो, त्याला मराठीत सरस म्हणतात. रासायनिक गोंद येण्याआधी सुताराच्या शेगडीवर त्याचं भांडं असायचं, आणि त्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. चीनच्या शांडोंग प्रांतात दोंगए नावाचं एक ठिकाण आहे. तिथला सरस गेली सुमारे दोन हजार वर्षं औषध म्हणून खाल्ला जातो. ‘एजियाओ’ हे त्याचं नाव याच दोन गोष्टींवरून आलं आहे. ‘ए’ म्हणजे दोंगए आणि ‘जियाओ’ म्हणजे सरस. नावात गाव आहे, पदार्थ आहे, जनावर मात्र नाही. आज एजियाओ गाढवाच्या कातड्याचा असतो. त्यासाठी दरवर्षी जगभरात लाखो गाढवं कापली जातात आणि ‘ही आमची हजारो वर्षांची परंपरा आहे’ असं त्याचं समर्थन केलं जातं. ही परंपरा कागदपत्रांत तपासून पाहिली, तर तिच्यात गाढव बरंच उशिरा आलेलं दिसतं. ते येण्यामागे वैद्यकाइतकाच राज्यकारभाराचा हात होता, आणि ते आल्यानंतरही त्याच्यावाचून अडतं असं जुन्या जाणकारांनी मानलं नव्हतं. तेव्हा गाढव वगळल्याने या औषधाची परंपरा मोडते, हा दावा त्या परंपरेच्याच ग्रंथांपुढे टिकत नाही.

सुरुवात सर्वांत जुन्या पुराव्यापासून करू. ‘शेननोंग बेनत्साओ’ हा चिनी औषधिद्रव्यांचा पहिला मोठा कोश हान राजवटीच्या काळात आकाराला आला. त्यात एजियाओला वरच्या वर्गात स्थान आहे. अंतर्गत रक्तस्राव, कंबरदुखी, हातापायांचं दुखणं, स्त्रियांचा रक्तस्राव आणि गर्भ टिकवणं हे त्याचे उपयोग दिले आहेत. इसवी सन २०० च्या सुमाराचा वैद्य झांग झोंगजिंग याच्या प्रसिद्ध काढ्यांतही एजियाओ येतो. निद्रानाशाच्या एका काढ्यात तो आहे, स्त्रियांच्या रक्तस्रावावरच्या दुसऱ्या काढ्यात आहे, आणि हे काढे आजही दिले जातात. पण तो सरस कोणत्या कातड्याचा होता? याचं उत्तर पाचव्या-सहाव्या शतकातल्या द्रव्यकोशात मिळतं. ताओ होंगजिंग या पंडिताच्या हाताखालून गेलेल्या त्या नोंदींत स्पष्ट लिहिलं आहे की हा सरस गाईबैलांचं कातडं उकळून करतात आणि तो दोंगएहून येतो. ताओने सरसाच्या तीन प्रतीही सांगितल्या आहेत. पातळ आणि स्वच्छ सरस चित्रकाराचा, दाट आणि स्वच्छ तो वैद्याचा, आणि गढूळ काळा तो वस्तू चिकटवणाऱ्याचा. एका प्रकारच्या भट्टीतून तीन धंद्यांचा माल निघत होता आणि वैद्य त्यातला दाट व स्वच्छ तेवढा उचलत होता. कोणत्या जनावराचा, यापेक्षा कसा उतरला आहे, याकडे त्याची नजर होती.

दोंगएची कीर्ती मग कशाची होती? पाण्याची. ली दाओयुआन हा सहाव्या शतकाच्या आरंभीचा भूगोलकार. नद्यांवरच्या आपल्या ग्रंथात त्याने दोंगएच्या एका प्रचंड विहिरीचं वर्णन केलं आहे. तिचा घेर चाकासारखा, खोली साठ-सत्तर चिनी फूट, आणि तिच्या पाण्यात दरवर्षी सरस शिजवून राजदरबाराला नजराणा म्हणून पाठवला जाई. पुढे अकराव्या शतकात शेन कुओ या चौकस अधिकाऱ्याने या विहिरीच्या पाण्याचा संबंध जमिनीखालून वाहणाऱ्या ‘जी’ नावाच्या नदीशी जोडला. ते पाणी जड, खाली ओढणारं, गढूळपणा निवळवणारं, अशी समजूत होती. औषधाचा गुण म्हणजे त्या पाण्याचा गुण, असं हे तर्कशास्त्र होतं. आपल्याकडे एखाद्या गावच्या गुळाची किंवा पेढ्याची ख्याती तिथल्या पाण्याला आणि हाताला दिली जाते, त्यातलाच हा प्रकार.

ली दाओयुआनच्याच काळातला आणखी एक साक्षीदार या प्रश्नात फार मोलाचा आहे, आणि तो वैद्य नाही. जिया सिशिए हा शांडोंगचाच अधिकारी. सहाव्या शतकाच्या मध्यास त्याने ‘चीमिन याओशू’ हा शेती आणि घरगुती उद्योगांवरचा ग्रंथ लिहिला. त्यात सरस शिजवण्याची कृती सविस्तर दिली आहे: कोणत्या महिन्यात शिजवावा, किती भिजवावं, तळाला लागू नये म्हणून काय करावं, वड्या कशा पाडाव्यात, सावलीत कशा वाळवाव्यात. कातड्यांची प्रतवारी सांगताना तो बैल, म्हैस आणि डुक्कर यांना पहिल्या दर्जात बसवतो आणि गाढव, घोडा, उंट, खेचर यांना दुसऱ्या. त्याने दिलेलं कारण खास कारागिराचं आहे. चिकटण्याची ताकद जवळपास सारखीच असते, पण गाढवाघोड्याचं कातडं पातळ आणि केसाळ, त्यातून सरस कमी उतरतो आणि जळण दुप्पट लागतं. जिया इथे सर्वसाधारण सरसाबद्दल लिहितो आहे, औषधी सरसाबद्दल नव्हे, हे मान्य करायलाच हवं. पण दोंगए ज्या प्रदेशात आहे, त्याच प्रदेशातल्या जाणकाराने गाढवाचं कातडं परवडत नाही म्हणून दुय्यम ठरवावं, आणि त्याच सुमाराच्या वैद्यकीय नोंदींत औषधी सरस बैलाच्या कातड्याचा म्हणून सांगितलेला असावा, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की चित्र पुरेसं स्पष्ट होतं.

चित्र पालटतं ते तांग राजवटीत. मुळात गाढव हा चीनचा प्राणी नव्हे. ते आफ्रिकेत माणसाळलं आणि मध्य आशियाच्या वाटेने पूर्वेकडे आलं. तांग काळापर्यंत मात्र ते उत्तर चीनमध्ये ओझ्याला, प्रवासाला आणि खेळालाही सर्रास वापरलं जाऊ लागलं होतं. इसवी सन ८७८ मध्ये वारलेल्या एका उमराव स्त्रीच्या थडग्यात, आजच्या शीआन शहरात, गाढवांचे सांगाडे मिळाले. गाढवांवर बसून खेळल्या जाणाऱ्या पोलोसाठी ती असावीत, असा संशोधकांचा कयास आहे. इसवी सन ७३९ मध्ये चेन त्सांगची या वैद्याने औषधिद्रव्यांवरची पुरवणी लिहिली. सगळेच सरस वात घालवतात, जुलाब थांबवतात, अशक्तपणा भरून काढतात, पण वातावर गाढवाचा सरस सर्वांत उत्तम, असं त्यात म्हटलं आहे. गाढवाच्या बाजूने मिळणारं हे महत्त्वाचं जुनं वैद्यकीय मत. तेही ‘सगळेच सरस’ अशी सुरुवात करूनच दिलेलं आहे.

आता बैलाकडे पाहू. शेतीवर उभ्या असलेल्या चिनी राज्यांना बैल म्हणजे नांगर, म्हणजे कर, म्हणजे धान्याचं कोठार. इसवी सन ६५३ च्या तांग कायद्यात स्वतःचा बैल किंवा घोडा मारणं हादेखील सक्तमजुरीचा गुन्हा होता. पुढे दहाव्या शतकात उत्तर चीनमध्ये पाठोपाठ पाच राजवटी आल्या आणि लढाया थांबेनात. चिलखतं, ढाली, धनुष्यं या सगळ्याला बैलाचं कातडं, शिरा आणि शिंगं लागत. त्यामुळे मेलेल्या बैलाचं कातडंही सरकारजमा करावं लागे आणि त्याच्या खासगी व्यापारावर जबर शिक्षा होत्या. सोंग राजवटीतही या मालावर सरकारची पकड राहिली. अशा वेळी दोंगएच्या भट्टीवाल्याने काय करावं? ज्या कातड्यावर सरकारचा डोळा नाही, ते घ्यावं. गाढव मुबलक झालं होतं आणि त्याच्या कातड्याचं चिलखत कोणी मागत नव्हतं. औषधाच्या इतिहासात कच्चा माल असा निमूट बदलतो आणि त्याचं शास्त्र मागाहून येतं. तसं ते इथेही आलं. इसवी सन १११६ मध्ये कौ झोंगशी या द्रव्यज्ञाने काळ्या गाढवाचंच कातडं का घ्यावं, याची उपपत्ती मांडली. काळा रंग पंचतत्त्वांपैकी जलतत्त्वाचा. जल उष्णतेला आवरतं. उष्णतेतून वात उठतो, म्हणून काळ्या गाढवाचा सरस वाताला आवरतो.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. बदल टंचाईमुळे झाला, हे तुम्ही कसं ठरवता? वैद्यांनी दोन्ही सरस रोग्यांना देऊन पाहिले असतील, गाढवाचा अधिक गुणकारी वाटला असेल आणि म्हणून तो पुढे आला असेल. अनुभवातून सुधारणं हीच तर परंपरेची रीत. या आक्षेपात तथ्य आहे. चेन त्सांगचीचं मत सरकारी निर्बंध कडक होण्याच्या दोनशे वर्षं आधीचं आहे, त्यामुळे सगळं श्रेय चिलखतांना देता येत नाही. पण पुढच्या ग्रंथकारांनी स्वतः काय कारण दिलं ते पाहावं. सोंग दरबारच्या आज्ञेने सू सोंगने इसवी सन १०६१ मध्ये सचित्र द्रव्यकोश सिद्ध केला. तो काळ्या गाढवाचं कातडं आणि दोंगएच्या त्या ‘ए’ विहिरीचं पाणी यांपासून केलेला सरस उत्तम मानतो. पण लगेच पुढे सांगतो की मूळ ग्रंथातला एजियाओ बैलाच्या कातड्याचाही होता, म्हणून ही दोन्ही कातडी एकमेकांच्या जागी चालतात. मग बैलाचा सरस का नको? कारण हल्ली तो नीट शुद्ध करत नाहीत, वस्तू चिकटवण्यापुरताच करतात, म्हणून तो औषधात घालण्याजोगा राहिला नाही. म्हणजे सू सोंगची तक्रार कारागिरीबद्दल आहे, बैलाबद्दल नाही. पाचशे वर्षांनी ली शिझेन येतो. १५७८ मध्ये पूर्ण झालेला त्याचा ‘बेनत्साओ गांगमू’ हा चिनी द्रव्यविज्ञानाचा कळस मानला जातो. जुन्या काढ्यांत बहुतेक बैलाचं कातडं वापरलं जाई आणि गाढवाचं कातडं मोलाचं मानणं ही नंतरच्या लोकांची रीत, असा निर्वाळा तोही देतो, आणि बैलाच्या सरसाला औषध म्हणून स्वतंत्र प्रकरण ठेवतो. झांग झोंगजिंगच्या ज्या काढ्यांचा दाखला आज गाढवाच्या एजियाओला दिला जातो, ते काढे बहुधा बैलाच्या सरसावर बसवलेले होते, हा यातून निघणारा सरळ अर्थ आहे.

जनावर बदललं, तशी जागा आणि पाणीही बदललं. सू सोंगच्या वेळी ए विहिरीवर सरकारी बंदोबस्त होता. खरा एजियाओ मिळणं दुरापास्त झालं होतं आणि विकला जाणारा बराचसा माल नकली होता, हे तो स्वतःच नोंदवतो. ली शिझेनच्या काळात भेसळीत घोड्याचं कातडं, जुनी चामडी, खोगिरं, बूट असं काहीही शिजवलं जात होतं. गंमत अशी की जिया सिशिएच्या कृतीत हेच जुने बूट आणि मोडकी खोगिरं सरसासाठी चालणारा माल म्हणून दिली आहेत. सुताराला जे चालत होतं, तेच औषधाच्या नावाखाली विकलं की लबाडी ठरत होतं. मग १८५५ साली पीत नदीने आपला बांध फोडला आणि ती उत्तरेकडे वळून जुन्या जी नदीच्या पात्रातून समुद्राला मिळाली. ज्या नदीच्या गुप्त प्रवाहावर सगळी उपपत्ती उभी होती, ती नदी नकाशावरून पुसली गेली. प्रशासकीय हद्दीही सरकत गेल्या, आणि ती ऐतिहासिक ए विहीर आज दोंगए तालुक्यात नसून शेजारच्या यांगगू तालुक्यात आहे. तरीही एजियाओ चालूच राहिला. गाव सरकलं, पाणी बदललं, कातडं बदललं, आणि दर वेळी परंपरेने नवं सामावून घेऊन ते जुनंच असल्याचं सांगितलं.

उपयोगही तेच राहिले नाहीत. आरंभी रक्तस्राव थांबवणारं आणि गर्भ टिकवणारं हे औषध वैद्य मोजून देई आणि ते इतर वनस्पतींबरोबर काढ्यात जाई. मिंग आणि चिंग काळात ते हळूहळू सधन घरातल्या स्त्रियांचं बलवर्धक बनलं. पुढे सम्राज्ञी झालेल्या त्सिशीला एजियाओमुळे गर्भ राहिला आणि १८५६ मध्ये वारस जन्मला, अशी आख्यायिका आजही दुकानदार सांगतात. तिच्यावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो, दरबाराचं नाव मालाला चिकटलं ते कायमचं. कम्युनिस्ट राजवट आल्यावर १९५२ मध्ये दोंगएत सरकारी कारखाना निघाला, आणि घराघरांतल्या भट्ट्यांची जागा मोठ्या पात्रांनी घेतली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाढवाच्या कातड्याचा तुटवडा पडला तेव्हा चिनी औषधनिर्मात्यांनीच डुकराच्या कातड्यापासून ‘शिन एजियाओ’, म्हणजे नवा एजियाओ, तयार केला आणि तो औषध म्हणून विकलाही. ज्या परंपरेला गाढवावाचून गत्यंतर नाही असं सांगितलं जातं, तिनेच आपल्या आठवणीतल्या काळात गाढवाला पर्याय शोधला होता.

आजची प्रचंड मागणी ही त्यानंतरची गोष्ट आहे. दोंगएचा तो सरकारी कारखाना १९९६ मध्ये शेनझेनच्या शेअरबाजारात आला. एकविसाव्या शतकात मध्यमवर्गाच्या हाती पैसा खेळू लागला, तेव्हा एजियाओ दरबारी, उंची वस्तू म्हणून विकायचा, असं धोरण ठरलं. कंपनीने वर्षामागून वर्ष किंमत वाढवली. चिंग दरबारातल्या राण्यांवरच्या लोकप्रिय दूरदर्शन मालिकांत त्याचं नाव झळकू लागलं. अक्रोड, काळे तीळ आणि एजियाओ यांच्या पाकवलेल्या वड्या भेटवस्तू म्हणून विमानतळांवर दिसू लागल्या. चेहऱ्याची कांती आणि वार्धक्य थोपवणं हे आधी तळटीपेतले उपयोग होते, ते जाहिरातीच्या अग्रस्थानी आले. गाढवांसाठी काम करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेच्या अहवालानुसार एजियाओचं वार्षिक उत्पादन २०१३ मध्ये सुमारे ३,२०० टन होतं आणि २०१६ मध्ये सुमारे ५,६०० टन झालं. तीन वर्षांत झालेली ही वाढ दोन हजार वर्षांच्या वैद्यकातून येत नाही. ती जाहिरातीतून, भावनीतीतून आणि नव्या ग्राहकाच्या खिशातून येते. ‘परंपरा’ म्हणून आज जिचं रक्षण मागितलं जातं, त्या वस्तूचा मोठा भाग गेल्या पंचवीसेक वर्षांतला आहे.

याच काळात चीनमधली गाढवं संपत चालली. १९९० च्या आसपास तिथे सुमारे १ कोटी १० लाख गाढवं होती. ट्रॅक्टर आणि तीनचाकी टेंपो आल्यावर शेतकऱ्याने ती पाळणं सोडलं आणि तीस वर्षांत त्यांची संख्या वीस-पंचवीस लाखांवर आली. मागणी वाढत होती आणि पुरवठा आटत होता, म्हणून व्यापारी आफ्रिकेकडे, दक्षिण अमेरिकेकडे आणि आपल्या शेजारी पाकिस्तानकडे वळले. १ जानेवारी २०१८ पासून चीनने गाढवाच्या कातड्यावरचा आयातकर पाच टक्क्यांवरून दोन टक्के केला. तोवर बुर्किना फासो आणि नायजर या देशांनी २०१६ मध्येच निर्यात बंद केली होती. पाकिस्ताननेही २०१५ मध्ये कातड्यांची निर्यात थांबवली होती. केनियात चार परवानाधारक कत्तलखाने उभे राहिले. तिथली गाढवं २००९ मधल्या सुमारे १८ लाखांवरून दहा वर्षांत सुमारे १२ लाखांवर आली आणि रात्रीतून गाढवं चोरून रानात सोलण्याचे प्रकार वाढले. २०२० मध्ये सरकारने कत्तलीवर बंदी घातली, पुढच्या वर्षी न्यायालयाने ती उठवली. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये अदिस अबाबात झालेल्या आफ्रिकी संघाच्या शिखर परिषदेने कातड्यासाठी गाढव मारण्यावर पंधरा वर्षांच्या स्थगितीला मान्यता दिली. या सगळ्यात पहिला फटका बसला तो पाणी, लाकूड आणि बाजारचा माल वाहणाऱ्या बायकांना. तिथल्या खेड्यात गाढव चोरीला गेलं की त्याचं ओझं घरातल्या बाईच्या डोक्यावर येतं. मग नवं गाढव घ्यायला जावं, तर कातड्याच्या मागणीने त्याची किंमत आवाक्याबाहेर गेलेली असते.

‘पण औषध गुणकारी आहे ना?’ हा पुढचा प्रश्न. त्याला एका वाक्यात हो किंवा नाही म्हणणं दोन्हीही घाईचं होईल. एजियाओवर चीनमध्ये बरंच संशोधन झालं आहे. पण रुग्णांवरच्या बऱ्याचशा चाचण्या लहान आहेत, त्यामुळे ठाम निष्कर्ष काढता येत नाही. रासायनिक दृष्टीने तो मुख्यतः कोलॅजनपासून सुटलेली प्रथिनं आणि अमिनो आम्लं आहे. आहार म्हणून त्याच्यात उणीवही आहे, कारण कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये चीनच्या सरकारी आरोग्य-माहिती सेवेच्या खात्यावरून, एजियाओ म्हणजे पाण्यात उकळलेलं गाढवाचं कातडं, तो विकत घेण्यात अर्थ नाही, अशा आशयाचा मजकूर प्रसिद्ध झाला. गदारोळ उठला, मजकूर मागे घेतला गेला आणि माफीही मागितली गेली. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हे इथे ठरवायची गरज नाही, कारण गुण मान्य केला तरी पेच उरतोच. एजियाओचा गुण कोलॅजनातून येत असेल, तर तो बैलाच्या आणि डुकराच्या कातड्यातही आहे आणि गाढवाला मारण्याचं कारण उरत नाही. गुण गाढवाच्याच एखाद्या खास घटकातून येत असेल, तर तो घटक दाखवण्याची, दुसऱ्या सरसांशी समोरासमोर तुलना करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. गाढवाचं कातडं कोणतं आणि घोड्याचं कोणतं, हे ओळखण्याच्या अचूक चाचण्या प्रयोगशाळांनी तयार केल्या आहेत, कारण भेसळ पकडण्यात बाजाराचा पैसा गुंतलेला आहे. गाढवाचा सरस बैलाच्या सरसाहून रोग्याला अधिक गुण देतो का, या मूळ प्रश्नाला मात्र तितकं निर्णायक उत्तर मिळालेलं नाही.

आणखी एक आक्षेप मनाला लागणारा आहे. दुसऱ्याच्या वैद्यकाला नावं ठेवणारे आपण कोण? पाश्चात्त्य देशांत जिलेटिनच्या गोळ्या, औषधांच्या कॅप्सुली आणि सौंदर्यवर्धक कोलॅजन हे सगळं गाईगुरांच्या आणि डुकरांच्या कातड्या-हाडांतूनच येतं, मग एजियाओकडेच बोट का? हा प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच वाद जनावराच्या वापराचा नाही, पुरवठ्याचा आहे, हे नीट समजून घ्यायला हवं. गाईगुरांचं आणि डुकरांचं कातडं हे मांसाच्या धंद्याचं उपउत्पादन असतं, तर या व्यापारात गाढव मारलं जातं ते कातड्यासाठीच. शिवाय गाढवीण साधारण वर्षभर गाभण राहते, एका वेताला एकच शिंगरू देते आणि ते वाढायला वर्षं लागतात. म्हणून गाढवांचे कळप डुकरांसारखे भराभर वाढवता येत नाहीत. चीनमध्ये सरकारी प्रोत्साहन मिळूनही गाढवपालनातून मागणी भागलेली नाही, ती याच कारणाने. आणि टीका फक्त परक्यांची आहे हेही खरं नाही. बंदी घालणारे बहुतेक देश आफ्रिकेतले आहेत आणि २०१८ चा तो मजकूर खुद्द बीजिंगच्या यंत्रणेतून आला होता. चिनी वैद्यकाने स्वतःची यादी सुधारल्याचे दाखलेही आहेत. १९९३ मध्ये चीनने गेंड्याच्या शिंगाचा आणि वाघाच्या हाडांचा व्यापार बंद करून ती अधिकृत औषधकोशातून काढली. शिंगाच्या जागी पाणम्हशीचं शिंग आलं आणि शतकांपासूनचे काढे तसेच चालू राहिले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ही बंदी सैल करण्याचा प्रयत्न झाला, तो काही आठवड्यांत पुढे ढकलावा लागला. २०२० च्या औषधकोशातून खवल्या मांजराचे खवलेही वगळले गेले. वैद्यक मोडलं नाही, फक्त त्याची सामग्री बदलली.

शेवटचा आक्षेप अर्थकारणाचा. ट्रॅक्टरने गाढव निरुपयोगी केलंच आहे, मग मालकाला त्याच्या कातड्याचे चार पैसे मिळाले तर बिघडलं काय? चीनपुरता हा युक्तिवाद काही अंशी खरा आहे. गाढव सोडलं ते तिथल्या शेतकऱ्याने, त्याला कोणी भाग पाडलं नाही. आपल्याकडेही तेच घडतं आहे. भारतात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती, २०१९ च्या गणनेत ती १ लाख २० हजारांवर आली. म्हणजे सात वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक घट. पौष पौर्णिमेला जेजुरीला गाढवांचा बाजार भरतो. तिथे वीटभट्टीवाले, कुंभार आणि बेलदार यांच्यातलं गिऱ्हाईक वर्षागणिक कमी होत आहे, आणि त्याला टेंपो, जेसीबी आणि बदललेली वीटभट्टी ही कारणं पुरेशी आहेत. पण जिथे गाढव अजून लागतं, अशा आफ्रिकेच्या कोरड्या खेड्यांत हा युक्तिवाद उलटा पडतो. तिथे कातड्याचा बाजार निरुपयोगी जनावर उचलत नाही, कामाचं जनावर पळवतो. एका देशाच्या शेतकऱ्याने स्वखुशीने सोडलेलं ओझं दुसऱ्या देशाच्या बाईच्या डोक्यावर ठेवायचं आणि त्याला परंपरा म्हणायचं, हा सौदा न्यायाचा नाही.

या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष चिनी वैद्यकाच्या विरुद्ध जात नाही. त्याच्या इतिहासानेच तो दिलेला आहे. दोन हजार वर्षांत एजियाओचं कातडं बदललं, पाणी बदललं, गाव सरकलं, उपयोग बदलले, आणि दर वेळी वैद्यांनी बदलाला नवं शास्त्र देऊन औषध पुढे नेलं. तेव्हा आज गाढवाच्या जागी मांसाच्या धंद्यातून येणारं बैलाचं किंवा डुकराचं कातडं घेतलं, तर परंपरा तुटत नाही. उलट ती झांग झोंगजिंगच्या काढ्यांच्या अधिक जवळ जाते. ही परवानगी बाहेरून मागण्याचीही गरज नाही. सोंग दरबारच्या सू सोंगने ती १०६१ सालीच लिहून ठेवली आहे: दोन्ही कातडी चालतात, सरस तेवढा नीट शिजवलेला हवा.